सासूबाईंनी सगळ्यांसमोर काडीपेटी हातात दिली, आता मी काय करू?

पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, माझं माहेर पांढरकवड्याकडचं. घर फ्री मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, आजोबांपासून. बाबांची शेती आहे आणि ते मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी आहेत. तीन वर्षांआधी लग्न झालं, सासर राजुऱ्याकडे, कॅथलिक. नवरा चांगला आहे, सिमेंट कंपनीत आहे, त्याची कशालाच जबरदस्ती नाही. घरात वेलांकनी मातेची, म्हणजे मरियेची, मोठी मूर्ती आहे, सासूबाई रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात, मी बाजूला बसते पण म्हणत नाही, इथपर्यंत ठीक होतं. मला दोन वर्षं लेकरू नव्हतं तेव्हा सासूबाईंनी मातेला नवस बोलला होता. आता मुलगा झाला, आठ महिन्यांचा आहे. ८ सप्टेंबरला मातेच्या सणाला घरी पाहुणे भरलेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी काडीपेटी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, तुझ्या लेकरासाठी मागितलं होतं, मेणबत्ती तूच लाव. माझे हात कापायला लागले. काडीपेटी नणंदेच्या हातात देऊन मी आत निघून गेली. तेव्हापासून अबोला आहे. माझा भाऊ यवतमाळला एका फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या मंडळीत, जातो, तो म्हणतो कॅथलिकांनी दहा आज्ञांतली दुसरी आज्ञाच काढून टाकली, बायबलमध्ये सात पुस्तकं घुसवली, तू मूर्तिपूजेत वाटेकरी होऊन राहिली. लहान लेकराचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही असंही म्हणतो. बाबा म्हणतात मूर्ती आहे तोवर त्या घरात पाय ठेवणार नाही, नातवाला पाहायलाही आले नाहीत. इकडे मुलाचा बाप्तिस्मा आणि तमिळनाडूत वेलांकनीला नेऊन जावळ, दोन्हीची तयारी सुरू आहे. मी पाप करतेय का? कोणाचं ऐकू? – एक सून, चंद्रपूर जिल्हा"

बेटा, पहिले काडीपेटीचंच बोलू, बाकी आज्ञा आणि पुस्तकं नंतर. तुझ्या सासूच्या बाजूनं पहा जरा. त्या बाईनं दोन वर्षं तुझ्यासाठी गुडघे टेकले, लेकरू झालं, सण आला, पाहुणे आले, आणि सगळ्यात मोठा मान तिनं स्वतःकडं न ठेवता तुला दिला. तिच्या हिशोबानं ती तुझी परीक्षा घेत नव्हती. तुझ्या हिशोबानं मात्र तू चारचौघांत कोंडीत सापडली आणि तेही खरंच आहे, कारण असं काही करायच्या आधी सुनेला एक शब्द विचारायला काय जात होतं. तू मेणबत्ती लावली नाही यात मला काही चूक दिसत नाही. रोमकरांच्या पत्रात १४व्या अध्यायाच्या शेवटी प्रेषित पौल म्हणतो की जे विश्वासानं केलं नाही ते पाप, म्हणजे मनात खटकत असताना लोकांच्या लाजेनं मेणबत्ती लावली असती तर तीच खरी गडबड झाली असती. आणि मनाविरुद्ध कोणाला विश्वासाची गोष्ट करायला लावू नये हे कॅथलिक चर्चही मानतं. पण आत निघून जाणं, ते लागलं त्यांना. काडी नणंदेला देऊन तू तिथंच लेकरू घेऊन उभी राहिली असती तर आज अबोला नसता असं माझं मत.

आता भावाचं. त्याचे फॉरवर्ड माझ्याकडेही येतात, त्याचेच नाही तसलेच, त्यामुळं मला पाठ आहेत.

दुसरी आज्ञा काढली हे साफ खोटं आहे. सासूबाईंच्या कपाटातलं कॅथलिक बायबल काढ, निर्गम २०, ओवी ४ आणि ५ वाच, "कोरीव मूर्ती करू नको" तिथं जसंच्या तसं आहे. भानगड आकड्यांची आहे. आज्ञा दहा आहेत असं बायबल सांगतं पण ही पहिली, ही दुसरी असे नंबर कुठंच टाकलेले नाहीत, ते नंतर लोकांनी टाकले. जुन्या काळचे धर्मपंडित ऑगस्टीन यांनी जशी मोजणी केली तशी कॅथलिक करतात, त्यात मूर्तीची ओळ पहिल्या आज्ञेतच येते आणि लोभाच्या शेवटच्या आज्ञेच्या दोन होतात. मेथडिस्ट, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन हे मूर्तीची ओळ वेगळी मोजतात. ज्यूंची मोजणी अजून तिसरीच. आणि मजा म्हणजे लुथरन लोक, म्हणजे ज्यांच्यापासून प्रोटेस्टंट सुरू झाले तेच, कॅथलिकांसारखंच मोजतात. मग लुथरनेही आज्ञा चोरली का, हे विचार भावाला. हां, एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे ती सांगून टाकते, लेकरांकडून पाठ करून घेतात त्या छोट्या यादीत पहिल्या आज्ञेची एकच ओळ असते आणि मूर्तीचा भाग गळून जातो, त्यामुळं पुष्कळ कॅथलिक घरांत ती ओळ कोणाला माहीतच नसते. ही तक्रार केली तर रास्त आहे.

सात पुस्तकं घुसवली, हेही अर्धवट आहे. तोबीत, यहूदीथ, मक्काबीची दोन वगैरे ही पुस्तकं ग्रीक भाषेतल्या जुन्या करारात होती आणि पहिल्या शतकांतली बरीच मंडळी तोच ग्रीक जुना करार वाचायची. हिब्रू यादीत ती नाहीत, म्हणून बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला शंका होती, ऑगस्टीनला नव्हती, आणि ३९७ साली कार्थेजच्या धर्मसभेनं जी यादी केली तिच्यात ती आहेत. लुथरनं १५३४च्या त्याच्या बायबलमध्ये ती फेकून दिली नाहीत, वेगळी काढून जुन्या-नव्या कराराच्या मधे ठेवली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत असं म्हणून. इंग्रजांच्या १६११च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती छापली होती. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४६ साली ती शास्त्रच आहेत असा शिक्का मारला. म्हणजे कॅथलिकांची ७३ पुस्तकं की प्रोटेस्टंटांची ६६ हा वाद घुसवाघुसवीचा नाहीच, कोणती जुनी यादी धरायची याचा आहे, आणि गंमत पहा, ती यादी बायबलच्या आत कुठंच लिहिलेली नाही. "फक्त बायबल" म्हणणाऱ्यानंही यादी मात्र बाहेरूनच घेतलीय.

मूर्तीबद्दल आणि संतांना हाक मारण्याबद्दल खरा मतभेद आहे, तो मी गोड बोलून झाकणार नाही. आणि आधीच सांगते, मी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची आहे, त्यामुळं माझं वजन कुठं पडतं ते तुला कळेलच.

कॅथलिकांचं म्हणणं असं, की भक्ती एकट्या देवाची, मरियेला आणि संतांना मान, आणि मूर्तीसमोर केलेला मान मूर्तीला नाही तर ती ज्याची आहे त्याला पोचतो, हे ७८७ साली निसियाच्या दुसऱ्या धर्मसभेत ठरलं. संतांकडं मागणं म्हणजे त्यांना "आमच्यासाठी प्रार्थना करा" असं सांगणं. तुझ्या बाबांच्या मंडळीत कोणी आजारी पडलं की सगळ्यांना प्रार्थनेला सांगतात ना, तेच, फक्त जे ख्रिस्तात मेले ते देवाजवळ जिवंत आहेत म्हणून त्यांनाही सांगतात. आधार म्हणून ते प्रकटीकरण ५:८ दाखवतील, तिथं चोवीस वडील पवित्र जनांच्या प्रार्थनांनी भरलेल्या धुपाच्या वाट्या घेऊन कोकऱ्यासमोर पालथे पडतात. आणि मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेला यिर्मया संदेष्टा लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो, पण ते पुस्तक तुझे बाबा मानत नाहीत, झालं, वाद परत यादीवर.

प्रोटेस्टंट म्हणतात, १ तीमथ्य २:५, देव आणि माणसांमध्ये मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त. आणि मेलेल्या भक्ताला हाक मारून कोणी प्रार्थना मागितली असं अख्ख्या नव्या करारात एक उदाहरण दाखवा. मला विचारशील तर हा दुसरा मुद्दा जड आहे, त्याचं सरळ उत्तर मी कोणा फादरकडून अजून ऐकलं नाही, फिरवून ऐकलंय. पण पहिला मुद्दा भाऊ वापरतो तसा चालत नाही, कारण त्याच अध्यायाच्या पहिल्याच ओवीत पौल सगळ्यांसाठी मध्यस्थीच्या प्रार्थना करा म्हणतो, म्हणजे एकमेकांसाठी मागितल्यानं ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नाही. आणि संतांना पूर्ण विसरा असं जुने प्रोटेस्टंटही म्हणाले नाहीत. १५३० सालच्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात लुथरनांनी लिहिलंय की संतांची आठवण लोकांसमोर ठेवा, त्यांच्या विश्वासातून शिका, फक्त त्यांना हाक मारू नका.

मूर्तीबद्दल दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट वाचावी असं मला नेहमी वाटतं. गणना २१ मध्ये देव स्वतः मोशेला पितळेचा साप करायला सांगतो आणि त्याच्याकडं पाहून लोक वाचतात. मग २ राजे १८:४ मध्ये हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याला धूप जाळायला लागले होते. सासूबाईंना पहिला अर्धा आठवतो, भावाला दुसरा. तुमच्या घरातली मूर्ती या दोघांच्या मधे कुठं बसते हे मूर्तीकडं पाहून नाही कळणार, समोर बसणारं माणूस मनात काय धरून आहे त्याच्यावर आहे. नवस फेडला नाही तर माता कोपेल, लेकराला काही होईल, असं जर घरात कोणी बोलत असेल तर ते कॅथलिक शिकवणीतही बसत नाही बरं का. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेनं १९६४ साली मरियेबद्दल लिहिताना धर्मपंडितांना आणि उपदेशकांना बजावलंय, अतिशयोक्तीही नको आणि कोतेपणाही नको. आमच्या गावाकडं दोन्हीचा सुकाळ आहे.

पण बेटा, या सगळ्याच्या खाली जे भांडण आहे ते वेगळंच आहे. शेतकऱ्याची पोरगी आहेस म्हणून सांगते, दोन भावांकडं सातबारा एकच असतो, दोघंही तो खरा मानतात, आणि तरी धुऱ्यावरून डोकी फुटतात, कारण मोजणी कोणाची धरायची हे ठरलेलं नसतं. इथंही वचन दोघांचं तेच आहे. कॅथलिक म्हणतात अर्थ लावायचं काम मंडळीच्या परंपरेचं आणि बिशपांचं, आणि २ पेत्र १:२० दाखवतात, शास्त्रातल्या संदेशाचा अर्थ कोणी आपल्या मनानं लावायचा नसतो. त्यांचं १९६५चं शिकवणपत्र हेही म्हणतं की शिकवणारे वचनाच्या वर नाहीत, त्याचे सेवक आहेत. प्रोटेस्टंट कृत्ये १७ दाखवतात, बिरुयातले लोक पौल बोलतो ते खरं का म्हणून रोज स्वतः शास्त्र तपासून पाहायचे आणि लूकनं त्यांचं कौतुक केलंय. मग कॅथलिक कृत्ये ८ काढतात, रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी फिलिप्पाला म्हणतो, कोणी समजावल्याशिवाय मला कसं कळणार? संपत नाही हे.

आणि तुझ्या माहेरातच पहा ना. बाबा आणि भाऊ दोघंही "फक्त वचन" म्हणतात. बाबांच्या मंडळीत तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देतात, तुझाही तसाच झाला असणार. भाऊ म्हणतो तो बाप्तिस्माच नाही. बायबल तेच, ६६ पुस्तकांचं, आणि बाप-लेकाचं एका पाण्यावर जमत नाही. तिथं ना पोप आडवा आला ना मूर्ती. भाऊ ज्याला साधं सरळ वचन म्हणतो तो त्याच्या पास्टरचा अर्थ आहे, आणि पास्टरलाही तो कोणीतरी शिकवलेलाच आहे. वाईट काही नाही त्यात, फक्त तेवढं मान्य करावं. आमच्या सीएनआयची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच झाली, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांपैकी काही, ब्रदरन, असे वेगवेगळे लोक एकत्र आले, आणि हाच बाप्तिस्म्याचा प्रश्न सगळ्यात चिवट होता. शेवटी दोन्ही पद्धती ठेवल्या, ज्याला लेकराचा द्यायचा त्यानं द्यावा, ज्याला मोठेपणी घ्यायचा त्यानं घ्यावा. कोणी कोणाला हरवलं नाही आणि एका छताखाली आले.

आता कामाचं बोलू.

बाप्तिस्मा एकदाच. इफिसकरांस ४:५, एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा, यावर तुझी दोन्ही घरं एक आहेत. पाण्यानं, पिता पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला तुझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, त्यामुळं तुला कोणी परत घ्यायला लावू शकत नाही आणि तुला कॅथलिक व्हायचीही सक्ती नाही. लेकराचा कुठं, हे ठरवायच्या आधी नवऱ्याला विचार की लग्नाच्या वेळी त्यानं काय वचन दिलं होतं. मिश्र लग्नाला बिशपांची परवानगी लागते आणि तेव्हा कॅथलिक जोडीदार असं वचन देतो की लेकरांचा बाप्तिस्मा आणि वाढवणं कॅथलिक मंडळीत व्हावं म्हणून जमेल तेवढं सगळं करीन. वचन त्याचं, तुझं नाही, पण ते तुला सांगायची पद्धत आहे, साड्या-पत्रिकांच्या धामधुमीत कानावरून गेलं असेल. माझं मत विचारशील तर त्यानं दिलेला शब्द त्याला पाळू दे, त्यांच्या चर्चमध्ये होऊ दे. आणि आता हे नीट वाच, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. कॅथलिक गॉडफादर किंवा गॉडमदर एक असला की त्याच्या जोडीला दुसऱ्या मंडळीतलं बाप्तिस्मा झालेलं माणूस साक्षीदार म्हणून उभं राहू शकतं, त्यांच्या कायद्यातच आहे. म्हणजे तुझ्या माहेरचं एक माणूस तिथं पाहुणा म्हणून मागच्या बाकावर नाही तर लेकराच्या बाजूला उभं राहील. फादरना नवऱ्यानं आत्ताच भेटून हे नक्की करावं, आदल्या दिवशी नाही.

नवस सासूबाईंचा आहे. हे मी म्हणत नाही, कॅथलिक चर्चचाच नियम आहे की नवस बोलणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाही. त्यांना वाटत असेल की सुनेनं मेणबत्ती लावली नाही म्हणून नवस अडकला, तर फादरकडून त्यांच्या कानावर घाला, तुझ्या तोंडून ते ऐकू नये. जावळ हा काही संस्कार नाही, वऱ्हाडात काय झाडीपट्टीत काय, सगळेच काढतात. वेलांकनीला जायला मी नाही म्हणणार नाही, लेकरू तुझं आहे, त्याच्यासोबत तू जाशील आणि तिथं ज्याची प्रार्थना करायची त्याची करशील. फक्त आठ महिन्यांच्या लेकराला बल्लारशाहून चेन्नई आणि पुढं परत रात्रीचा प्रवास, त्यात डोक्यावर वस्तरा, इतकी घाई कायले? दीड-दोन वर्षांचं होऊ द्या. यावर तुझी सासूही हो म्हणेल, आजी आहे ती.

अबोला तूच मोड. पाहुणे नसताना, संध्याकाळी त्या जपमाळ काढून बसल्या की जवळ जा आणि म्हण, "आई, तुम्ही माझ्या लेकराकरता मागितलं ते मी विसरली नाही. मेणबत्ती माझ्याच्यानं लागत नाही, माझ्या घरचं शिकवणंच तसं आहे. पण तुम्ही लावत जा, मी लेकरू घेऊन बाजूले बसत जाईन." बस एवढंच, जास्त समजावू नको. आणि जमलं तर रोझरी झाल्यावर पाच मिनिटं लूकचा पहिला अध्याय मोठ्यानं वाच, मरियेचं गाणं आहे त्यात, ओवी ४६ पासून. त्यांना बरं वाटेल आणि तुझ्या बाबांनाही त्यात एक अक्षर खटकणार नाही. तुला माहीत नसेल तर सांगते, त्या जी मरियेची प्रार्थना म्हणतात तिचा पहिला अर्धा भाग त्याच अध्यायातला आहे, देवदूताचे आणि अलीशिबेचे शब्द. तुला अडचण दुसऱ्या अर्ध्याची आहे, "आमच्यासाठी विनंती कर" याची. तेवढ्या वेळी गप्प बस, कोणी मोजत नाही.

राहिले बाबा. त्यांना माझ्यातर्फे एवढंच विचार की पांढरकवड्याकडं ते कोणाकडंच चहा पीत नाहीत का. गावातल्या दर घरात देव्हारा आहे, आणि पोळ्याला बैल घेऊन आलेल्याला तर ते स्वतः दारात पैसे देत असतील. मग फक्त पोरीच्या घरातली मूर्तीच का आडवी येते? पौल अथेन्सभर मूर्तींमधून फिरला आणि करिंथकरांना त्यानं लिहिलं की अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. तुझं सासर तर त्याच येशूचं नाव घेतं.

हे तू फोनवर बोललीस तर भांडण होईल, म्हणून आईला बोलू दे. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात आईचं नाव कुठंच नाही हे मला पहिल्या वाचनातच दिसलं. ती काय म्हणते? तिलाही मूर्तीमुळंच नातू नकोय का, की तिला कोणी विचारलंच नाही? साक्षीदार म्हणून उभं राहायला मी तिलाच बोलावलं असतं, बाबांना नाही, आणि भावाला तर मुळीच नाही, तो फादरशी तिथंच वाद घालेल. ती निघाली की बाबा एकटे घरी किती दिवस बसतात ते पाहू. तारीख मात्र नाताळाच्या जवळची धरा, कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत ठेवू नका, नाहीतर बाबांना न यायला आयतं कारण मिळेल.